शकुताईंचा मोडलेला नियम

बोरिवलीच्या देवीपाड्यातल्या त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर बाळ घेऊन आलेल्या प्रत्येक नव्या आईला शकुताई आधी एकच गोष्ट सांगायच्या. "पहिले तीन दिवस मी तुमच्या बाळाला हात लावणार नाही."

आया चक्रावायच्या. मूल सांभाळायला द्यायचं, आणि बाई म्हणते हात लावणार नाही. शकुताई त्यावर भाषण द्यायच्या नाहीत. सतरंजी अंथरायच्या, आईला भिंतीला टेकून बसवायच्या, आणि स्वतः पलीकडे वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालायला लागायच्या. टॉवेल, उशीचे अभ्रे, नवऱ्याचे बनियन. बाळाकडे बघायचंसुद्धा नाही. बाळ आधी आईच्या कुशीत तोंड खुपसायचं, मग एक डोळा बाहेर काढायचं, मग दोन्ही. कधी पहिल्याच दिवशी, कधी तिसऱ्या, ते रांगत ढिगापाशी यायचं आणि घातलेली घडी ओढून मोडायचं. शकुताई काही न बोलता पुन्हा घडी घालायच्या. ते पुन्हा मोडायचं. असं दहा-पंधरा वेळा झालं, की एखाद्या खेपेला ते वर बघून हसायचं. तेव्हा कुठे शकुताई त्याच्याकडे बघायच्या.

बावीस वर्षांत चाळीसेक मुलं या ढिगावरून त्यांच्या मांडीवर आली होती. त्यातली काही आता कॉलेजात जातात, आणि रस्त्यात दिसली की "शकुमावशी" म्हणून लांबूनच हात करतात.

तर असा नियम असलेल्या शकुताईंनी तो मोडला तो सख्ख्या नातवाच्या बाबतीत, आणि तोही दारातच.

त्यांचा मुलगा सुयोग चार वर्षं हैदराबादला होता. सून रुचिरा सांगलीची, पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालेलं. शकुताईंनी मिहिरला बारशाला पाहिलं तेवढंच. नंतर सगळं फोनच्या पडद्यावर. आता मिहिर दहा महिन्यांचा झाला होता, आणि सुयोगची बदली मालाडच्या ऑफिसात झाली होती. पुढच्याच गल्लीत भाड्याचं घर मिळालं होतं, पण ताबा महिनाअखेरीला. तोवर तिघं शकुताईंकडे राहणार होती. रुचिराची रजा संपत आलेली, एक तारखेपासून तिला अंधेरीला कामावर रुजू व्हायचं होतं. मिहिरला कोण बघणार हा प्रश्न शकुताईंच्या मते प्रश्नच नव्हता. सगळ्या जगाची पोरं बघितली, आता घरचं येतंय. महिनाभर आधीच त्यांनी नवी मुलं घेणं थांबवलं होतं. सई नावाची एक सव्वा वर्षाची मुलगी तेवढी ठेवली होती, आणि तिच्या आईलाही तीन दिवसांची सुट्टी काढायला सांगितलं होतं.

नातू पहिल्यांदा घरी यायचा म्हणजे भाकरतुकडा ओवाळून टाकायलाच हवा. शकुताईंनी सकाळी भाकरी केली, तांब्यात पाणी भरलं, आणि मजल्यावरच्या चार बायकांना बोलावलं. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा मिहिर आईच्या खांद्यावर नुकता जागा झालेला. समोर सहा अनोळखी चेहरे, सगळे दात दाखवणारे. शकुताईंनी भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळला, ओल्या बोटांनी त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं, तुकडा मागे टाकला. इथवर ठीक होतं. पण मग तांब्या शेजारणीच्या हातात देऊन त्यांनी रुचिराच्या खांद्यावरून त्याला सरळ उचलूनच घेतलं.

मिहिर लाकडासारखा ताठ झाला. त्याचा श्वास अडकला, ओठ निळसर पडले, आणि मग जी किंकाळी आली ती खाली वॉचमनपर्यंत ऐकू गेली असेल. रुचिराने झटकन त्याला परत घेतलं.

"काय गं शकु," एक शेजारीण हसत म्हणाली, "दुनियेची पोरं तुझ्याकडे चिकटतात, आणि घरचं असं?"

तिच्या मनात काही नव्हतं. पण शकुताईंना ते लागलं. भाकरीचं ताट आत ठेवायला म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि जरा वेळ तिथेच राहिल्या. मागोमाग नवरा आला. सीताराम औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे कणकवलीकडचे. उभा जन्म मुंबईत जाऊनही घरात मालवणीच बोलायचे.

"तुझो नियम खंय गेलो?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा."

"मी गप्पच आसंय गो. पोरगो गप्प बसना नाय."

पुढचे दोन दिवस वाईट गेले. शकुताई दिसल्या की मिहिर रडायचा. नुसता आवाज आला तरी मान आईकडे वळायची. दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर त्यांनी त्या आईला सांगितलं असतं, अहो रडू दे, आपलं-परकं कळायला लागलंय त्याला, चांगलं आहे. पण स्वतःला हे सांगणं त्यांना जमेना. पी हळद नि हो गोरी, तसं चाललं होतं त्यांचं. खुळखुळा आणून झाला, भिंतीवरचं घड्याळ दाखवून झालं, खिडकीतला कावळा दाखवून झाला. मिहिर कावळ्याकडे बघून हसला, शकुताईंकडे बघून रडला.

"आई, टेन्शन नको घेऊ गं," सुयोग म्हणाला. "जेट लॅग आहे त्याला. हैदराबादचा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला रुचिराने विषय काढला. ती सावकाश, शब्द निवडून बोलणारी मुलगी. "आई, मी ठाकूर व्हिलेजला एक डे-केअर बघून ठेवलंय. कॅमेरे वगैरे आहेत. पंचवीस तारखेपर्यंत हो की नाही ते सांगायचंय त्यांना."

शकुताईंच्या हातातली बशी तशीच राहिली. "आणि मी?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून. आणि तो येतही नाहीये ना तुमच्याकडे."

त्या दिवशी अकरा तारीख होती. शकुताईंनी मनातल्या मनात दिवस मोजले. चौदा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आणखीच एक झालं. सीताराम जमिनीवर पेपर पसरून वाचत बसले होते. एका कानाने त्यांना कमी ऐकू येतं, आणि पेपर हातात असला की दुसऱ्यानेही. मिहिर रांगत गेला, पेपरच्या कोपऱ्याचा एक लचका तोडला. सीतारामनी पान उलटलं. मिहिरने त्यांच्या गुडघ्याला धरलं आणि उभा राहिला. सीतारामनी एका हाताने चष्मा सांभाळला, दुसरा, तो पडू नये म्हणून, त्याच्यामागे धरला, आणि वाचत राहिले.

शकुताई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. "तुमच्याकडे बरा आला."

"मी काय एक करूक नाय," सीताराम पेपरातूनच म्हणाले. "म्हणानच इलो तो."

शकुताईंना राग आला. मग हसू आलं. उतावळी आजी गुडघ्याला बाशिंग, आणखी काय. बावीस वर्षं जे लोकांना शिकवलं, ते या माणसाने निव्वळ आळसाने करून दाखवलं होतं.

चौथ्या दिवशी सईच्या आईची सुट्टी संपली. जान्हवी नर्स होती, तिला आणखी रजा मिळेना. सकाळी सातला ती सईला घेऊन दारात उभी. सईने शकुताईंना बघितलं आणि आईच्या कडेवरूनच अंग झोकून दिलं. जान्हवीने तिचा गाल धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "सई, आई जातेय. दुपारी तीनला येणार. टाटा." सईचा ओठ वाकडा झाला, दोन हुंदके आले, आणि लिफ्ट खाली गेली.

रुचिरा हे सगळं बघत होती. दिवसभर बघत राहिली. सई खोलीभर हुंदडायची. डबे वाजवायची, पडदा ओढायची, मध्येच येऊन शकुताईंच्या गुडघ्याला हात लावायची आणि परत जायची. कधी नुसतं लांबून वळून बघायची.

"ती सारखी येऊन हात लावून का जाते?" रुचिराने विचारलं.

"जागेवर आहे का बघते. आहे म्हटल्यावर परत जाते. मी उठून आत गेले तर बघ."

त्या उठून आत गेल्या. सईने हातातला डबा टाकला आणि मागोमाग धावली. बाहेर आल्यावर पुन्हा डबा.

"मिहिर पण माझ्याशी असंच करतो," रुचिरा जरा वेळाने म्हणाली.

"मग. तू त्याची ती जागा आहेस."

दुपारी दोन्ही मुलं झोपली. सई तिच्या गोधडीवर, मिहिर आईच्या शेजारी. शकुताई ताक घेऊन आल्या आणि रुचिराजवळ बसल्या. त्यांना वाटलं, आता विचारावंच. "खरं सांग, डे-केअर का? माझा त्रास वगैरे नको सांगू."

रुचिराने मिहिरच्या अंगावरचं पांघरूण उगाच नीट केलं. "तिथे ताया बदलत राहतात, आई. दर दोन-तीन महिन्यांनी वेगळी. मीच विचारलं होतं त्यांना."

"मग हे चांगलं आहे?"

"मला वाटलं, बरंय. कुणा एकीची सवय लागणार नाही त्याला. सुयोगने मला सांगितलंय. लहानपणी तो शेजारच्या द्रौपदीमावशींना आई म्हणायचा. तुम्ही कामावरून आलात की त्यांच्या घरात लपायचा. तो हसत सांगतो. मला नाही हसू येत. संध्याकाळी मी घरी येईन, आणि तो तुमच्या मागे लपेल. तेव्हा मी काय करू?"

म्हणजे मिहिर आजीकडे येत नाही म्हणून नव्हे, तो येईल म्हणून डे-केअर होतं. शकुताईंनी ताकाचा पेला खाली ठेवला. सुयोगला अर्धीच गोष्ट ठाऊक होती. उरलेली त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

"तो लपायचा हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा इथे चाळ होती. मी अंधेरीला एका कारखान्यात होते, सोल्डरिंगला. सकाळी सातला जायचं, संध्याकाळी सातला यायचं. द्रौपदी शेजारच्या खोलीतली, जालन्याकडची. तिची तीन पोरं आणि चौथा हा. मी घ्यायला गेले की हा तिचा पदर सोडेना. नऊ महिन्यांचा असेल. मी रोज रडायचे. मग सासूबाईंचं पत्र आलं, पोराक गावाक धाड. आमच्याकडे सगळे तेच करायचे गं. गिरणीत, कारखान्यात जाणाऱ्या बायका पोरं गावाला सासूकडे ठेवायच्या. मलाही वाटलं, द्रौपदीकडून तर सुटेल. नेऊन ठेवला. आणि रडेल म्हणून तो झोपलेला असताना निघून आले."

"मग?"

"अडीच महिन्यांनी गणपतीला गेले. एसटीतून उतरून धावत गेले अंगणात. सासूबाईंनी त्याला माझ्यासमोर धरला. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मान फिरवून कोंबड्यांकडे बघायला लागला. रडला नाही, लपला नाही. रडला असता तर बरं झालं असतं."

रुचिराचा हात झोपलेल्या मिहिरच्या पाठीवर गेला.

"घेऊन आले परत. द्रौपदीलाही त्याने ओळख दाखवली नाही. कुणाकडेही जायचा. दूधवाल्याकडे, रस्त्यावरच्या माणसाकडे. चाळीत सगळे म्हणायचे, किती गुणी पोर, कुणाकडेही जातं. मी आणि द्रौपदीच तेवढ्या घाबरलो होतो. तिने सांगितलं, शकु, याच्या मागे लागू नको. नुसती बस जवळ, तुझं काम कर, आणि जाताना सांगून जा. कपड्यांच्या घड्यांचं तिचंच आहे. दिवाळी उलटली, मग एका संध्याकाळी मी आले तर हा द्रौपदीच्या मागे लपला. मी खाली बसले आणि हसायलाच लागले. लपला म्हणजे मी कोण ते त्याला कळलं होतं. थोड्या वेळाने आला बाहेर. आला तो माझ्याकडेच."

पंखा फिरत होता. सईने झोपेत कूस बदलली.

"तो माझ्यामागे लपणार नाही असं मी सांगत नाही," शकुताई म्हणाल्या. "एखाद दिवशी लपेलही. तुला वाईट वाटेल. पण द्रौपदीने माझा मुलगा नेला नव्हता गं. नेला होता तो मीच, गावाला." मग पेला उचलून त्या उठल्या. "तुझं मूल आहे, तू ठरव. डे-केअर म्हणालीस तर मी तोंड वाकडं करणार नाही."

तोंड वाकडं करणार नाही असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण भांडी घासताना पेला दोनदा घासला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सतरंजी अंथरली, रुचिराला भिंतीला टेकून बसवलं आणि म्हणाल्या, "आज पहिला दिवस. मागचे धरायचे नाहीत."

आणि पाठ अर्धी फिरवून घड्या घालायला बसल्या. खुळखुळा कपाटात गेला. मिहिरचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. बाकीच्यांच्या मुलांच्या वेळी हे सोपं जायचं. इथे मान आपोआप वळायची. सीताराम पेपरातून खाकरले की त्या मान परत सरळ करायच्या. सई येऊन ढीग विस्कटायची, खिदळायची, जायची. मिहिर आईच्या मांडीवरून सगळं बघायचा. पहिला दिवस नुसता बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी तो सतरंजीच्या मध्यापर्यंत आला, तिथे बसला, आईकडे वळून बघितलं, आणि परत गेला. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. आजवर तीन दिवसांच्या वर कुणी गेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सईला सर्दी म्हणून ती आली नाही. खोली शांत होती. शकुताई सीतारामच्या बनियनची घडी घालत होत्या, तेवढ्यात ती हातातून सरकली. एक लहानशी मूठ होती. त्यांनी पुन्हा घडी घातली. मूठ पुन्हा आली. कितीदा झालं कोण जाणे. शेवटी त्याने बनियन ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आत अंधार झाला म्हणून फेकून दिलं, आणि आजीकडे बघून हसला. खालचे दोन दात दिसले. शकुताईंनी आता त्याच्याकडे बघितलं. हात मात्र मांडीवरच ठेवले. त्यानेच त्यांचा अंगठा धरला आणि त्याच्या आधाराने उठला.

"धरून उभा राहतोय," रुचिरा भिंतीपासून हळू म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, आणि दुसरंही काहीतरी. शकुताईंना ते ऐकू आलं.

चोवीस तारखेला रुचिराला कागदपत्रांसाठी ऑफिसला जायचं होतं, तीन-चार तास. मिहिर सईबरोबर डबे वाजवत होता. रुचिराने हळूच चपला हातात घेतल्या.

"खेळतोय तोवर सटकते."

"सटकायचं नाही," शकुताई म्हणाल्या. "आज चोरून गेलीस तर उद्यापासून तू बाथरूमला गेलीस तरी तो दाराशी बसेल. सांगून जा."

"रडेल ना पण."

"रडू दे. त्याच्याजवळ बसायला मी आहे इथे."

रुचिरा परत आली, खाली बसली, त्याचं तोंड आपल्याकडे वळवून म्हणाली, "मिहिर, आई जातेय. दुपारी येणार. टाटा." आणि उठली. मिहिरने तिच्या हातातल्या पर्सकडे बघितलं, त्याला सगळं कळलं. तो दारापर्यंत रांगत गेला आणि बंद दारावर हात आपटत रडला. शकुताई त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. कावळा दाखवला नाही, गप्प हो म्हणाल्या नाहीत. "आई गेली ना. येणार आहे," एवढंच म्हणत राहिल्या. काही वेळाने त्याने त्यांच्या साडीचा काठ मुठीत घेतला आणि तो धरूनच रडला. मग रडणं पातळ झालं. सईने एक झाकण आणून त्याच्या डोक्यावर ठेवलं.

दुपारी दोन वाजता बेल वाजली. मिहिर शकुताईंच्या मांडीवर बसून केळं खात होता. दारात आईचा आवाज आला आणि त्याने केळ्याचा तुकडा टाकला. चेहरा एकदम वाकडा झाला, आणि तो मोठ्याने रडत, घसरत, रांगत तिच्याकडे निघाला. रुचिराने पर्स टाकून त्याला उचललं. त्याने तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि हुंदके देत राहिला.

"चार तास रडला का?" रुचिराचेच डोळे भरले होते.

"सात मिनिटं. घड्याळ लावलं होतं मी."

"मग आता कशाला रडतोय?"

"आता तुला सांगतोय. तू नव्हतीस ते." शकुताई मांडीवरचं केळं पुसत होत्या. मांडी रिकामी झाली होती आणि ते त्यांना जाणवलं, नाही असं नाही. "मला नाही सांगितलं त्याने. सकाळपासून ठेवलं होतं तुझ्यासाठी."

रुचिरा त्याला घेऊन बराच वेळ तशीच उभी होती. मग त्याला कडेवर सरकवून तिने मोबाइल काढला आणि डे-केअरचा नंबर लावत गॅलरीत गेली. काय बोलली ते आत ऐकू आलं नाही. आत आली तेव्हा सतरंजीवर बसली, मिहिरला खाली सोडलं.

"आई, एक तारखेला मी सव्वाआठला निघेन," ती म्हणाली. "रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधी फोन करून उठवा मला. त्याला सांगायला वेळ हवा."

"उठवते."

मिहिर आईच्या गुडघ्याला हात लावून आला, मग कपड्यांच्या ढिगाकडे वळला आणि सकाळपासून घातलेल्या सगळ्या घड्या एका दमात खाली ओढल्या. सीतारामनी पेपर बाजूला केला.

"माका घडी केलेलो एक तरी बनियन मेळतलो काय या घरात?"

"इस्त्रीवाल्याकडे द्या," शकुताई म्हणाल्या, आणि पहिल्यापासून घड्या घालायला लागल्या.